सेल नंबर चोवीस पन्नास

समुद्राच्या तळाशी जायला माणसाला मुख्यतः छाती लागते, असा दशांशरावांचा चोपन्न वर्षं अकरा महिने समज होता. बाराव्या महिन्यात त्यांना कळलं, की छाती वगैरे नंतर. आधी एक सेल लागतो. चपटा, गोल, कोटाच्या मोठ्या बटणाएवढा. तो मिळवणं, निवडणं, सांभाळणं आणि रविवारच्या सकाळपर्यंत जिवंत ठेवणं यापुढे प्रत्यक्ष समुद्र म्हणजे अगदीच किरकोळ बाब आहे.

दशांशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे उघडच आहे. बंदराच्या कचेरीत, नकाशा विभागात ते आरेखक होते. मोजणीची होडी समुद्रात फिरून ठिकठिकाणची खोली मोजून आणायची आणि दशांशराव ते आकडे बारीक निबाने नकाशावर लिहायचे. सात पूर्णांक चार, अकरा पूर्णांक दोन, नऊ पूर्णांक शून्य. नुसतं ‘नऊ’ त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नाही. एका साहेबाने एकदा ते शून्य खोडलं, तर दशांशरावांनी चार पानी टिपण लिहून साहेबाला ते परत लिहायला लावलं. तेव्हापासून कचेरीने त्यांना हे नाव दिलं आणि पुढे ते घरापर्यंत पोचलं. त्यांनीही फारशी तक्रार केली नाही. मनातून त्यांना ते आवडायचं.

तर या गृहस्थांनी अठ्ठावीस वर्षांत बंदराच्या तोंडाशी असलेली खडकांची एक रांग चार वेळा नकाशावर काढली होती. बारीक बारीक फुल्या आणि त्यांच्यामधून आकडे. पण ती रांग त्यांनी पाहिली नव्हती. कशी पाहणार? ती पाण्याखाली. एके दिवशी दुपारच्या चहाला त्यांच्या मनात आलं, की आपण ज्या गावाचा नकाशा चारदा काढला त्या गावाला एकदाही गेलो नाही. त्या दिवशी त्यांचा चहा गार झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तलावावरच्या डायव्हिंग क्लबात नाव घातलं.

तलावातलं शिक्षण झालं, परीक्षा झाली, दशांशराव पास झाले. आता उरली समुद्रातली पहिली बुडी. इथे क्लबाचा एक नियम आडवा येत होता. नवशिक्याची पहिली बुडी पंचावन्न पुरी व्हायच्या आत झाली पाहिजे, नाहीतर कायमचा रामराम. मोसमातली शेवटची होडी एका रविवारी निघणार होती, त्यानंतर चार महिने समुद्र बंद, आणि दशांशरावांना पंचावन्न पुरी होणार होती त्याच्या पुढच्या गुरुवारी. म्हणजे तो एक रविवार. तो चुकला, की खडकांची रांग जन्मभर फुल्याफुल्यांचीच राहणार.

त्यांचा मेहुणा पूर्वी जहाजावर होता. त्याचा कान बिघडला आणि त्याने पाण्याचा नाद सोडला, तेव्हा त्याचा डायव्ह कॉम्प्युटर दशांशरावांकडे आला. डायव्ह कॉम्प्युटर म्हणजे मनगटावर बांधायचं एक जाडजूड घड्याळच. पाणी लागलं की ते आपोआप जागं होतं आणि आपण किती खोल आहोत, किती वेळ झाला, आणखी किती थांबलो तर अंगलट येईल, ते सगळं सांगतं. ज्या यंत्राला खोली दशांशात सांगता येते, त्या यंत्रावर दशांशरावांचा जीव जडला नसता तरच नवल. जेवतानाही ते हे यंत्र काढत नसत.

क्लबाच्या ट्रेनरबाई मात्र असल्या प्रेमाला भुलणाऱ्या नव्हत्या. त्या कोणावर ओरडत नसत, नुसत्या बघत, आणि त्यांनी बघितलं की माणसाला आपल्या सगळ्या चुका एकदम आठवत. रविवारच्या पंधरा दिवस आधी त्यांनी दशांशरावांचं मनगट हातात धरलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या खुणेकडे बघितलं. तीन रेघांपैकी एकच उरली होती. धक्क्यावर सात वाजता तपासणी, तीन रेघा असतील तो पाण्यात, नसतील तो होडीत बसून बाकीच्यांच्या चपला सांभाळेल, असं त्यांनी सांगितलं. मग जाता जाता म्हणाल्या, “नवा सेल घाला, चांगल्यातला घाला, आणि घातल्यावर त्याच्याशी खेळू नका.”

या तीन सूचना होत्या. त्यांपैकी दीड दशांशरावांनी पाळली.

घरी येताना त्यांचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं. कॉम्प्युटरच्या पाठीवर सेलचा नंबर कोरलेला होता, चोवीस पन्नास, आणि हा नंबर म्हणजे नुसता नंबर नसून माप आहे, हा शोध त्यांना जिन्यातच लागला. चोवीस मिलिमीटर आणि वर थोडा व्यास, जाडी पाच पूर्णांक शून्य. शून्यासकट! जगात कुठेतरी एक कारखाना आहे आणि तिथे आपल्यासारखी माणसं आहेत, या विचाराने त्यांना भरून आलं. त्यांनी तसंच स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ही बातमी सांगितली.

त्यांची बायको शाळेत आठवीला विज्ञान शिकवायची. ओट्याशेजारी उभी राहून ती एका हाताने भाजी हलवत होती आणि दुसऱ्या हाताने वह्या तपासत होती. ती मान वर न करता म्हणाली, की हो, तो नंबर तसाच असतो, माहीत आहे.

झालं. दशांशराव दुखावले. माणसाने अमेरिकेचा शोध लावून यावं आणि घरच्यांनी म्हणावं, की हो, माहीत आहे, तिथे आमचे एक ओळखीचे असतात, तसं त्यांना वाटलं. सेलच्या बाबतीत या घरात पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. पुढे जे काही झालं ते सगळं या एका निश्चयातून झालं, म्हणून तो इथे नोंदवून ठेवला पाहिजे.

घरात विचारायचं नाही म्हटल्यावर बाहेर विचारणं आलं. बाहेर म्हणजे वरच्या मजल्यावरचे टेलिफोनसाहेब. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले होते आणि वीज, तारा, सेल, हवामान आणि दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं या विषयांवर त्यांचा शब्द इमारतीत शेवटचा मानला जाई. जिन्याच्या वळणावर उभं राहून त्यांनी पाऊण तास मार्गदर्शन केलं. सेल हा सजीव असतो. त्याला उष्णता मारते. तो फ्रीजमध्ये ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एकाच सेलवर कधी विसंबू नये, खात्यात ते कधी विसंबले नाहीत.

दशांशरावांनी दोन संध्याकाळी चार दुकानं पालथी घालून सहा सेल आणले. एक वजनकाट्याच्या दुकानातून, दोन मोटारीच्या किल्ल्या दुरुस्त करणाऱ्याकडून, दोन विजेच्या सामानाच्या दुकानातून आणि एक बड्या दुकानातला, सगळ्यांत नामांकित कंपनीचा. या शेवटच्या सेलचं पाकीट इतकं जाड होतं, की दुकानदाराने ते कात्रीने कापून उघडून दाखवलं. पाकिटावर एका रांगत्या मुलाचं चित्र होतं आणि त्यावर फुली. लहान मुलं असलेल्या घरात लोक मुद्दाम हाच नेतात, असं दुकानदार म्हणाला. दशांशरावांच्या घरात लहान मूल नव्हतं, मुलगी लग्न होऊन गेली होती, पण कंपनीला मुलांची एवढी काळजी आहे म्हणजे माल चोखच असणार, असा हिशेब त्यांनी केला. उलट विजेच्या दुकानातला एक सेल कितीतरी महिने काचेला टांगलेला होता. त्याच्या पुठ्ठ्यावरचं लाल अक्षर उन्हाने गुलाबी झालं होतं. पण दुकानदार बोलायला गोड, म्हणून तोही घेतला.

आता ठेवणीचा प्रश्न. सर्वोत्तम पाकिटातला आणि गुलाबी पुठ्ठ्यावरचा असे दोन सेल घड्याळजीकडे न्यायला बाजूला काढले. उरलेल्या चारांची पाकिटं दशांशरावांनी फाडली, कारण पाकिटं फार जागा खात होती आणि त्यांना प्रत्येक सेल मोजून बघायचा होता. प्रत्येक बरोबर पाच पूर्णांक शून्य भरला. चार सेल एकावर एक म्हणजे वीस. मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्या पट्टीने मोजल्या आणि आतून बरोबर वीस मिलिमीटर उंचीची एक स्टीलची डबी शोधून काढली. चार सेल एकाच दिशेने, अधिक बाजू वर, असे रचले. झाकण लावलं. वरचा सेल झाकणाला टेकला, खालचा तळाला टेकला, मध्ये केसाचंही अंतर नाही. डबी हलवली तर आवाजसुद्धा येईना. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतकं नेमकं काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

बायको पाणी प्यायला आली होती. तिने फ्रीजमध्ये जाणारी डबी बघितली, आत काय आहे ते विचारलं आणि म्हणाली, “अहो, स्टीलच्या डबीत ते असे एकमेकांवर—”

“शाळेतलं वेगळं आणि समुद्रातलं वेगळं,” दशांशराव म्हणाले.

बायको वह्यांकडे गेली. आठवीच्या चाळीस मुलांना रोज शिकवणाऱ्या बाईला कधी गप्प बसायचं ते चांगलं कळतं.

घड्याळजीचं दुकान एका जिन्याखाली होतं. आत एकच माणूस मावे आणि तो घड्याळजीच असे, त्यामुळे गिऱ्हाईक रस्त्यावर. त्याने डोळ्याला भिंग लावून कॉम्प्युटर उलटासुलटा केला, हे घड्याळ नाही म्हणून कुरकुर केली, आणि मग कोणी हात धरेल की काय अशा घाईने तो उघडला. जुना सेल काढला. झाकणाची रबरी कडी पुसून तिला तेलकट मलम लावलं. पाकिटातला नामांकित सेल बसवला. पडदा कोराच. त्याने सेल काढून पुन्हा घातला. कोराच.

तेव्हा घड्याळजीने आपल्या बापाकडून आलेली पद्धत वापरली. त्याने सेल जिभेला लावला. त्याचा चेहरा कसानुसा झाला आणि तो रस्त्याच्या बाजूला दोनदा थुंकला. सेल कडू झाला आहे, त्याने निकाल दिला, आतून विटला आहे, असला कडू सेल आपण उभ्या जन्मात चाखला नाही. एवढ्या मोठ्या कंपनीने असा घात करावा याचं दशांशरावांना मनापासून वाईट वाटलं. दुकानदाराला जाब विचारायचा म्हणून त्यांनी तो सेल पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि घड्याळजीने गुलाबी पुठ्ठ्यावरचा सेल बसवला.

पडदा उजळला. तीन रेघा! दशांशरावांनी भर रस्त्यात घड्याळजीचा हात धरून हलवला, इतका की त्याचं भिंग खाली पडलं. जाब विचारायचा बेत त्या आनंदात कुठल्या कुठे गेला.

इथे ट्रेनरबाईंची तिसरी सूचना आठवावी, कारण दशांशरावांना ती आठवली नाही. तीन रेघांचा कॉम्प्युटर मनगटावर घेऊन फिरणाऱ्या माणसाला लोक विचारणारच, की हे काय आहे. आणि विचारल्यावर न दाखवणं हा उद्धटपणा झाला. मोरीत बादली भरून ठेवलेलीच होती. दशांशराव हात कोपरापर्यंत बुडवत, कॉम्प्युटर जागा होई, दिवा लागे, पाहुणे ‘अरे वा’ म्हणत. चार दिवसांत अकरा प्रयोग झाले. शेजारणीच्या सासूबाईंनी तर तो दोनदा बुडवायला लावला आणि यात रक्तदाब दिसतो का ते विचारलं. दिसत नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

टेलिफोनसाहेबांचा मात्र वाढला. बादलीने काही सिद्ध होत नाही, ते म्हणाले. रबरी कडी पक्की बसली की नाही हे खोल पाण्यातच कळेल, आणि समुद्रात कळलं तर फार उशीर झालेला असेल. खोल पाणी कुठे आहे? इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत. दोन मीटर. दशांशरावांनी लगेच दुरुस्ती केली, की एक पूर्णांक नऊ. पण कल्पना त्यांना पटली.

टाकी ही सोसायटीची मालमत्ता आणि तिची किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी हे आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज नामंजूर करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी तोंडी विनंती ऐकूनच घेतली नाही. अर्ज दिला तर त्यात उपकरणाचा हेतू लिहिलेला नाही म्हणून परत आला. हेतू लिहिला तर उपकरण स्वच्छ असल्याबद्दल हमी नव्हती. हमी दिली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने एक कलम वाढवलं, की अर्जदार कोणत्याही परिस्थितीत टाकीच्या कुलपाला हात लावणार नाही. दशांशरावांनी सही केली. इतका काटेकोर माणूस आपल्याच इमारतीत राहतो याचा त्यांना अभिमानसुद्धा वाटला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता, कचेरीतून रजा काढून, साबणाने तीनदा धुतलेला कॉम्प्युटर दशांशरावांनी दोरीला बांधून टाकीत सोडला. परवानगी दहा मिनिटांची होती. बाहेर काढताना साक्षीदार असावा म्हणून ते टेलिफोनसाहेबांना आणायला खाली गेले. साहेबांचे गुडघे दुखरे, त्यामुळे चढायला वेळ लागला. तेवढ्यात सेक्रेटरींना त्यांच्या मुलीचा फोन आला, नातू घसरून पडला होता, तिथे बोलावलं होतं. सेक्रेटरी घाबरे झाले, पण घाबरलेल्या अवस्थेतही त्यांची शिस्त सुटली नाही. त्यांनी टाकीचं झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि बाहेरगावच्या गाडीत बसले.

दशांशराव वर आले तेव्हा झाकणाखालून दोरीचं टोक तेवढं बाहेर लोंबत होतं.

कुलूप जुनं होतं. एक दगड मारला असता तर सुटलं असतं. टेलिफोनसाहेबांनी दगड आणूनही दिला. पण दशांशरावांनी सही केली होती. त्यांनी दगड बाजूला ठेवला आणि टाकीच्या सावलीत बसून राहिले. दुपारी बायको शाळेतून आली, तिने गच्चीवर डबा आणून दिला आणि खाली गेली. संध्याकाळी सेक्रेटरींचा निरोप आला, की नातवाला फक्त खरचटलं आहे, पण आता मुक्काम करून सकाळी येतो.

शनिवारी सकाळी दहा वाजता कुलूप निघालं. दशांशरावांनी दोरी ओढली. आत पाण्याचा थेंबसुद्धा गेलेला नव्हता. कडी पक्की होती, प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला होता. पडद्यावर खोली दिसत होती एक पूर्णांक नऊ, आणि दशांशरावांनी टेलिफोनसाहेबांकडे विजयी नजर टाकली. वेळ दिसत होती सव्वीस तास. शेजारी विमानाचं चित्र येऊन त्यावर काट मारली होती. एवढा वेळ पाण्याखाली राहिलेल्या माणसाने इतक्यात विमानात बसू नये, असा त्याचा अर्थ. दशांशरावांचा विमानात बसायचा बेत नव्हता, तरी सेक्रेटरींनी त्यांना दोन दिवस न बसण्याचा सल्ला दिला. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक रेघ होती. ती लुकलुकत होती. त्यांच्या देखत ती गेली.

तरीही ते डगमगले नाहीत. फ्रीजमध्ये चार सेल होते. त्यांनी घरी येऊन डबी काढली, घड्याळजीसारखं झाकण उघडलं आणि पहिला सेल घातला. पडदा कोरा. दुसरा. तिसरा. चौथा. चारही मेलेले. टेलिफोनसाहेब म्हणाले, थंडी अंमळ जास्त झाली, आता उन्हात ठेवून बघा. दशांशरावांनी चारही सेल खिडकीत उन्हाला ठेवले आणि स्वतः दुकानांकडे धावले. किल्लीवाल्याला शनिवारची सुट्टी. विजेच्या दुकानात चोवीस पन्नास संपलेला. बड्या दुकानातही संपलेला, मंगळवारी येईल म्हणाले. वजनकाटेवाल्याकडे चोवीस तीस होता, तेवढाच रुंद पण जाडीला कमी. उरलेल्या जागेत चांदीच्या कागदाची घडी घाला, चालून जाईल, असं त्याने सांगितलं.

दुपारी दोन वाजता जेवणाच्या टेबलाशी बसून दशांशराव चांदीच्या कागदाची घडी घालत होते. ती दोन पूर्णांक शून्य व्हायला हवी होती आणि होत नव्हती. बायको समोरची खुर्ची ओढून बसली.

“राहू दे,” दशांशराव म्हणाले. “नाही जमत. मी उद्या चपला सांभाळीन.”

लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यात बायकोने त्यांना ‘नाही जमत’ म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. तिने चांदीचा कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

“सुरुवातीपासून सांगा,” ती म्हणाली. “सगळं सांगा.”

दशांशरावांनी सांगितलं. सहा सेल, चार दुकानं, फ्रीज, अर्ज, सव्वीस तास. डबीशी आल्यावर तिने त्यांना थांबवलं. डबीचं झाकण, तळ, बाजू सगळं एकच लोखंड. वरच्या सेलचं अधिक टोक झाकणाला, खालच्याचं उणे टोक तळाला. म्हणजे वीज डबीतून गोल गोल फिरत बसली आणि संपली. डबी एक मिलिमीटरने जरी मोठी असती तर चारही वाचले असते. इतकं नेमकं बसवायला नको होतं.

दशांशरावांनी डबीचं झाकण काढून पुन्हा लावून बघितलं. मग त्यांनी घड्याळजी आणि कडू सेलची हकीकत सांगितली. बायको ताठ बसली.

“कडू? तो कुठाय?”

शर्ट धुवायच्या टोपलीत होता. पाकीट खिशात तसंच होतं. बायकोने चष्मा लावून पाठीमागची बारीक अक्षरं वाचली आणि ती हसायला लागली. तिला हसू आवरेना. लहान मुलं चमकता सेल तोंडात घालतात, म्हणून ही कंपनी त्याला मुद्दाम कडू लेप लावते. सेल विटलेला नव्हता, त्याने आपलं काम चोख केलं होतं, आणि घड्याळजी थुंकला होता. काही यंत्रांत या लेपामुळे वीज पुढे जात नाही, एवढंच. तिने औषधाच्या कपाटातून स्पिरिट आणि कापूस आणला, सेल दोन्ही बाजूंनी पुसला, वाळू दिला आणि झाकण फिरवून बसवला.

पडदा उजळला. तीन रेघा. दशांशराव उठले, खुर्चीभोवती एक फेरी मारली, परत बसले आणि परत उठले. त्यांना बायकोला मिठी मारायची होती, पण खिडकीत टेलिफोनसाहेबांच्या सांगण्यावरून चार सेल उन्हात ठेवलेले होते आणि टेलिफोनसाहेब ते बघायला केव्हाही येतील अशी परिस्थिती होती. तरी त्यांनी मारली.

“मला आधी का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही विचारलंत कुठे?”

सेल बदलल्यामुळे कॉम्प्युटर आपलं सगळं शिक्षण विसरला होता आणि खोली फुटांत दाखवायला तयार झाला होता. बायकोच्या देखरेखीखाली दशांशरावांनी तो मीटरवर आणला. मग तिने तो वह्यांच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

रविवारी तपासणी सातला होती, पण दशांशराव धक्क्यावर सहालाच पोचलेले होते. वाऱ्याला डिझेलचा वास होता. समोर पाण्याचा तो तुकडा होता, ज्याचा एकेक आकडा त्यांना पाठ होता. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलासारखे ते धक्क्यावर येरझाऱ्या घालत होते. ट्रेनरबाईंनी एकेकाचं मनगट बघत बघत त्यांचं धरलं. तीन रेघा. त्यांनी मान हलवली. मग सवयीने एक बटण दाबून जुन्या बुड्यांची नोंद काढली, आणि त्या थबकल्या. सेल बदलला तरी ती नोंद काही पुसली जात नव्हती.

“शुक्रवारी तुम्ही सव्वीस तास पाण्याखाली होतात?”

होडीतले सगळे वळून बघायला लागले. दशांशरावांना वाटलं, संपलं सगळं. नियमाप्रमाणे एवढ्या बुडीनंतर दुसऱ्या बुडीला किती दिवस थांबायचं ते पुस्तकातसुद्धा दिलेलं नसणार. पण खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं.

“कॉम्प्युटर होता,” ते म्हणाले. “टाकीत. मी गच्चीवर जेवत होतो.”

ट्रेनरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. तसंच, नुसतं. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. क्लब सुरू झाल्यापासून तो हललेला कोणी पाहिला नव्हता. त्यांनी होडीकडे बोट दाखवलं, आणि दशांशराव चढले.

पाण्यात पाठमोरं पडायचं असतं. दशांशराव पडले, फेसाचा एक गोंधळ झाला, आणि मग शांत झालं. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. ट्रेनरबाईंनी हात धरला आणि दोघं दोरीच्या कडेने खाली जायला लागली. कान दाबल्यासारखे झाले, त्यांनी नाक धरून आतून जोर लावला, कान मोकळे झाले. पाणी आधी हिरवं होतं, मग निळसर. आणि मग खालून, हळूहळू, रांग वर आली.

फुल्या नव्हत्या त्या. एकही खडक दुसऱ्यासारखा नव्हता. एकाचा खांदा पडलेला होता, एकाच्या पोटात भुयार होतं, एकाच्या अंगावर जांभळं काहीतरी वाढलं होतं आणि ते पाण्याबरोबर डोलत होतं. दोन खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेतून, जिथे नकाशावर त्यांनी चारही वेळा कोरी जागा सोडली होती, तिथून पिवळ्या माशांची एक रांगच्या रांग निवांत चालली होती. दशांशरावांना इतका आनंद झाला, की ते तोंडातल्या नळीतून ओरडले. वर बुडबुड्यांचा ढग गेला. ट्रेनरबाईंनी घाबरून त्यांच्याकडे बघितलं आणि ‘ठीक?’ अशी खूण केली. दशांशरावांनी ‘ठीक’ची खूण केली, एकदा, दोनदा, पाच वेळा. मग ते जांभळ्या खडकाकडे बोट दाखवायला लागले, मग भुयाराकडे, मग माशांकडे, मग परत खडकाकडे. त्या बाईंनी तो खडक दोनशे वेळा पाहिलेला असणार. तरी त्या प्रत्येक वेळी वळून बघत होत्या.

वर आल्यावर होडीत त्यांना टॉवेल मिळाला. दात वाजत होते आणि तोंडावरचं हसू हलत नव्हतं. ट्रेनरबाईंनी पाणी टिपत टिपत क्लबाची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “किती खोल गेलात?”

दशांशरावांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, की खाली असताना त्यांनी मनगटाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

“खूप,” ते म्हणाले.

“आकडा सांगा. इथे लिहायचाय.”

“खूप हो, बाई. फार खोल.”

पुढच्या वेळी दर मिनिटाला बघायचं, नाहीतर पाण्यात उतरवणार नाही, अशी तंबी देऊन ट्रेनरबाईंनी त्यांचा हात ओढून घेतला, पडद्यावरचा आकडा स्वतःच वाचला आणि वहीत लिहिला. तोवर दशांशराव होडीच्या काठावर वाकून पुन्हा पाण्यात बघत होते. आकडा काय लिहिला, ते त्यांनी विचारलंच नाही.